पुनःसंसर्ग आणि गर्भवती स्त्री : साथरोगांच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रश्न

प्रस्तावना :
परभणी जिल्ह्यातील पोखर्णी हे नृसिंहाचे क्षेत्र परभणी–परळी लोहमार्गावर वसलेले आहे. २०२० व २०२१ अशा लागोपाठ दोन वर्षी वैशाखातील नृसिंह जयंती राज्यातील मंदिरे बंद असताना आली. ओसरलेली साथ परतते, याची ही खूणच होय. गर्भवती स्त्रीच्या दृष्टीने या परतण्याचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
साथीविषयीचा लोकसमज प्रामुख्याने देवीच्या रोगाने घडविला. देवी एकदा येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. इन्फ्लुएन्झा हा नियम पाळत नाही. जून १९१८ मध्ये मुंबईत शिरलेली त्याची साथ सप्टेंबरमध्ये अधिक घातक होऊन परतली. त्या वेळी परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील नोंदींनुसार या साथीत तरुण स्त्रियांचे मृत्यू पुरुषांच्या तुलनेत अधिक होते.

कोविडचा अनुभव :
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मुंबईतील प्रजनन आरोग्य संस्थेने नायर रुग्णालयाच्या सहकार्याने 'प्रेगकोविड' नोंदणी सुरू केली. तिच्या अभ्यासातील १,५३० गर्भवती व प्रसूत स्त्रियांपैकी पहिल्या लाटेत १४.२ टक्के, तर दुसऱ्या लाटेत २८.७ टक्के स्त्रियांना लक्षणे होती. मृत्यूचे प्रमाण ०.७ वरून ५.७ टक्क्यांवर गेले. ही तुलना दोन लाटांची आहे. एकाच स्त्रीच्या दोन संसर्गांची नव्हे. पुनःसंसर्गासाठी परिषदेने १०२ दिवसांच्या अंतराचा निकष लावला, तेव्हा तपासलेल्या १,३०० व्यक्तींपैकी ५८ व्यक्ती, म्हणजे ४.५ टक्के, त्यात बसल्या. हा अभ्यास सर्वसाधारण व्यक्तींचा होता. तथापि, पूर्वसंसर्गाने लाभलेले संरक्षण कालांतराने ओसरते, ही बाब गर्भवतीलाही लागू पडते.

धोरण आणि विलंब :
लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. मात्र गर्भवतींना त्याची अनुमती २ जुलै २०२१ रोजी मिळाली. तोवर दुसऱ्या लाटेचा कळस उलटून गेला होता. लसींच्या प्रारंभिक चाचण्यांतून गर्भवतींना वगळल्यामुळे पुरावा नव्हता आणि पुरावा नसल्यामुळे संरक्षणही नव्हते.

निष्कर्ष :
'एकदा होऊन गेला' हा दिलासा देवीच्या काळात खरा होता. कोविडच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. म्हणून गर्भवतीच्या आरोग्यपत्रिकेत पूर्वसंसर्ग व लसीकरण यांची तारखेसह नोंद असणे अगत्याचे आहे. पोखर्णीसारख्या गावातील अशी नोंद आज उपचाराला उपयोगी पडेल आणि उद्याच्या इतिहासकाराचे साधन ठरेल.