पॅलाडिन

भाच्याच्या तोंडी हा शब्द सतत असतो. चिलखत घातलेला, हातात ढाल, जखमी साथीदारांना बरं करणारा धर्मयोद्धा म्हणजे त्याच्या गेममधला पॅलाडिन. शब्दाचं मूळ मात्र रणांगणावर नाही, रोममधल्या एका टेकडीवर आहे. पॅलाटिन टेकडीवर सम्राट ऑगस्टसचं घर होतं. पुढच्या सम्राटांनी तिथेच प्रासाद उभारले आणि टेकडीचं नाव राजवाड्यालाच चिकटलं. आपल्या बोलण्यातला ‘पॅलेस’ तिथलाच. राजवाड्यातला माणूस तो लॅटिनमध्ये ‘पॅलाटिनस’. म्हणजे मुळात हा दरबारी!

त्याच्या हाती तलवार दिली ती फ्रँक सम्राट शार्लमेनच्या कथांनी. इ. स. 778 मध्ये पिरेनीज पर्वतात, रोन्सेव्होच्या खिंडीत बास्क लोकांनी शार्लमेनच्या पिछाडीवर हल्ला केला. त्यात त्याचा सरदार रोलाँ पडला. सुमारे तीनशे वर्षांनी रचलेल्या फ्रेंच वीरकाव्यात बास्कांच्या जागी मुस्लिम सैन्य आलं आणि रोलाँ सम्राटाच्या बारा निवडक वीरांपैकी एक झाला. पराभवातून इतकी मोठी गाथा उभी राहावी, हे मला फार हृद्य वाटतं. पुढे इटालियन कवींनी या वीरांना ‘पॅलाडिनो’ म्हणून घरोघरी नेलं.

1975 मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने पॅलाडिनला खेळात आणलं, तिथून तो ‘डायब्लो 2’ आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये पोचला. ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये तर तो शपथेने बांधलेला असतो, शपथ मोडली की त्याला ‘ओथब्रेकर’ म्हणतात.