पाचाच्या आतला आकडा

मामाच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढून दोन वर्षं झाली. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं, संध्याकाळी फोनवर रिपोर्ट येतो आणि सगळं घर त्यात एकच ओळ शोधतं : सीईए. पाचाच्या आत असला की मामी देवापुढे साखर ठेवते. गेल्या खेपेला ३.१ चा ४.४ झाला. मर्यादेतच होता, तरी त्या रात्री कुणी धड जेवलं नाही. हा आकडा आला कुठून, ते मी त्याच रात्री शोधायला बसलो.

सुरुवात रक्तापासून होत नाही. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलात कथ्बर्ट ड्यूक्स हे पॅथॉलॉजिस्ट शस्त्रक्रियेत काढलेली आतडी उघडून तपासत. १९३२ साली त्यांनी गुदाशयाच्या कॅन्सरचे तीन गट मांडले. गाठ भिंतीतच असली तर 'ए', भिंत ओलांडून गेली तर 'बी', लसिकाग्रंथींपर्यंत पोचली तर 'सी'. त्यांनी गाठीच्या आकाराला महत्त्व दिलं नाही, ती कुठवर पोचली याला दिलं. ही गाठ आतड्याच्या लांबीत फारशी पसरत नाही, भिंत पोखरत बाहेर जाते.

तिच्या याच सवयीचा पुढे माँट्रियलमध्ये उपयोग झाला. १९६० च्या दशकात मॅकगिल विद्यापीठातले फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन शोधत होते, की कॅन्सरच्या पेशीत असं काय आहे जे निरोगी पेशीत नाही? अडचण अशी, की एका माणसाची गाठ आणि दुसऱ्याचा निरोगी तुकडा घेतला, तर दिसणारा फरक कॅन्सरचा की दोन माणसांमधला, हे कळणार कसं? मोठ्या आतड्याने ती सोडवली. काढलेल्या भागात गाठीपासून थोड्या अंतरावर त्याच माणसाचं निरोगी आतडं आयतं मिळत होतं. गाठीचा अर्क सशांना टोचला, सशांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली. मग त्या रक्तजलात निरोगी आतड्याचा अर्क मिसळून दोन्हींत समान असलेल्या गोष्टींची प्रतिपिंडं काढून टाकली. जी उरली, ती फक्त गाठीला चिकटत होती. आम्ही कोडच्या दोन आवृत्त्यांचा 'डिफ' काढतो, तोच प्रकार, फक्त सशांकडून. गोल्ड तेव्हा तिशीच्या आतले होते, हे वाचून मला जरा अपराधी वाटलं.

१९६५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तोच पदार्थ गर्भाच्या आतड्यातही सापडला, म्हणून नाव 'कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन', सीईए. १९६९ मध्ये तो रक्तात मोजता आला. आतड्याच्या कॅन्सरच्या ३६ रुग्णांपैकी ३५ जणांत सापडला. आता एका थेंबात कॅन्सर आधीच ओळखता येईल, असं अनेकांना वाटलं.

तसं झालं नाही. इतरांनी मोजल्यावर सीईए यकृताच्या आजारात, आतड्याच्या सुजेत, सिगारेट ओढणाऱ्यांतही वाढलेला दिसला. ड्यूक्सच्या 'ए' गटात मात्र तो बहुधा नॉर्मलच. आतड्याची शिस्तीत असलेली पेशी सीईए पोकळीच्या बाजूने सोडते, तो मळाबरोबर निघून जातो. गाठ भिंतीत शिरते, पेशींना आतबाहेर कळेनासं होतं, तेव्हा तो रक्तात उतरू लागतो. म्हणजे ज्या टप्प्यावर खबर हवी, नेमका तेव्हाच तो गप्प. १९८० मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ परिषदेने सांगितलं, की निरोगी लोकांच्या चाळणीसाठी ही तपासणी वापरू नये. तिच्याकडे उरलं शस्त्रक्रियेनंतर राखण करण्याचं काम. त्यातही काही गाठी सीईए बनवतच नाहीत.

१९८७ मध्ये सेंट मार्क्समध्येच जेरेमी जॅस आणि सहकाऱ्यांनी गाठीच्या कडेकडे लक्ष वेधलं : ती शेजारच्या पेशींना सरळ ढकलत वाढते, की बोटं घालत पसरते? पसरणारी जास्त वाईट. मी मामाची जुनी फाईल काढली. पॅथॉलॉजी रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर कडेबद्दल एक ओळ होती : ढकलत वाढणारी. घरात ती कुणी वाचलेलीच नव्हती. मी मामीला ती दोनदा वाचून दाखवली.

मग ३.१ चा ४.४ का? प्रयोगशाळा तीच होती. मामी स्वयंपाकघरात गेल्यावर मी मामाला विचारलं, "सिगारेट परत सुरू केलीस का?"

"हळू बोल," मामा म्हणाला.