वावराचा नंबर

मंडळी, आपल्या घराचं खरेदीखत तुम्ही कधी नीट वाचलंय? गेल्या महिन्यात अकोल्याच्या भाच्याने नव्या ले-आऊटमधल्या एका प्लॉटचे कागद पाहायला पाठवले. "मामा, एकदा नजर घाला, मग इसार देतो." मी आधी शोधला तो सर्वे नंबर, आणि त्यातच रमलो. जन्मभर पोरांना इतिहास शिकवल्याची खोड, दुसरं काय!

हा नंबर प्लॉटचा नसतो, वावराचा असतो. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढच्या दशकात मुंबई इलाख्याच्या पद्धतीने इथल्या वावरांची मोजणी सुरू झाली. प्रत्येक वावराला नंबर मिळाला, क्षेत्र ठरलं, सारा ठरला. शेजारच्या नागपूर भागात मालगुजार गावाचा सारा भरत. आपल्याकडे तो थेट कास्तकाराच्या नावावर. म्हणून आपल्या कॉलन्यांचे जुने कागद उकरले की तळाशी बहुधा एखाद्या कास्तकाराचंच नाव निघतं.

एकेकाळी वावरात घर बांधायची कुणाची छाती नव्हती. अमरावतीचंच पाहा. पेंढाऱ्यांच्या धास्तीने १८०७ च्या सुमारास निजामाच्या राजवटीत शहराभोवती परकोट बांधायला घेतला. घेर सव्वादोन मैल, उंची वीस ते सव्वीस फूट. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावं आजही ऑटोवाल्याला सांगावी लागत नाहीत. पुढे इंग्रजांचा कॅम्प भिंतीबाहेर वसला. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव चढले. त्याच दशकात बडनेऱ्याला रेल्वे आली. जिन-प्रेस उभे राहिले, आणि परकोटाबाहेर राहणं धोक्याचं न राहता सोयीचं झालं. अकोल्याचंही तसंच. जुनं शहर मोर्णेच्या पश्चिम काठावर, असदगडाजवळ. कचेऱ्या आणि साहेबांचे बंगले मात्र पलीकडे, ताजनापेठेच्या बाजूला.

आमच्यासारख्या पगारदारांची पाळी फार नंतर आली. अकोल्यात १९६९ साली कृषी विद्यापीठ झालं. अमरावतीत विद्यापीठ आणि महानगरपालिका दोन्ही १९८३ च्या. नोकरदार वाढले, भाड्याच्या दोन खोल्या पुरेनात, आणि शहराच्या कडेच्या वावरांत चुन्याच्या रेघा दिसू लागल्या. मीही त्याच सुमारास प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून तीस बाय पन्नासचा प्लॉट घेतला. धुऱ्यावर बाभळी होत्या, मधे वाळलेल्या पऱ्हाट्या.

एका एकराचे ४३,५६० चौरस फूट होतात. रस्ते आणि खुली जागा सोडली तरी दीड हजार फुटांचे सोळा-सतरा प्लॉट पडतात. एका कास्तकाराच्या पाच एकरांचे आम्ही ऐंशीवर मालक झालो. दोन पोरींची लग्नं आणि सोसायटीचं कर्ज, एवढ्यासाठी त्यांनी वावर विकलं होतं. पुढे कितीतरी वर्षं ते अधूनमधून येत आणि खुल्या जागेतल्या आपल्या जुन्या विहिरीच्या काठावर बसत. आमची ही त्यांना चहा नेऊन देई. एकदा मला म्हणाले, "गुरुजी, याले आमी पाणथयीचं वावर म्हनो. तुमच्या घरापाशी सावन-भादव्यात पाणी साचन." नेमकं तिथेच साचलं. मी पाया मुरूम लागेपर्यंत खणून घेतला, जोतं दोन फूट उचललं, म्हणून घर टिकलं. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कापसाला ती भारी, भिंतींना वैरीण.

मुद्दा हाच आहे. जुन्या लोकांनी वावरांना नावं दिली ती शोभेसाठी नव्हे. बरड म्हटलं की हलकी, मुरमाड जमीन. नाल्याकाठचं म्हटलं की पुराची भीती आलीच. त्या नावात जमिनीचा स्वभाव असे. आता त्याच जमिनीला देवाचं किंवा संताचं नाव देऊन 'नगर' जोडतात, आणि स्वभाव पुसला जातो. पण जमीन काही विसरत नाही. जुन्या गावनकाशातला नाला ले-आऊटच्या रंगीत नकाशात कधीकधी सापडत नाही, पावसाला मात्र तो बरोबर सापडतो. २०२१ च्या जुलैत मोर्णेला पूर आला तेव्हा अकोल्यातल्या कित्येक वस्त्यांनी ते भोगलं. शिवाय पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा! तिथे बोअर मारली तरी खारं पाणी लागतं.

कागदालाही इतिहास असतो. अकृषक परवानगी न घेता गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या वावरांत हजारो लोकांनी घरं बांधली. राहतं घर, पण सरकारदप्तरी शेत. ती नियमित करायला २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला. तो १ जानेवारी २००१ पर्यंतच्या वस्त्यांपुरता होता. २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. म्हणजे मधली वीस वर्षं लोक तसेच घेत राहिले. स्वस्त मिळत होतं आणि पगार तेवढाच होता, त्यांना तरी काय बोलायचं?

भाच्याला मी चारच गोष्टी सांगितल्या. अकृषकचा आदेश आणि मंजूर नकाशा डोळ्यांनी पाहा. जुने सातबारे आणि फेरफार काढ. प्लॉट भर पावसात जाऊन बघ. आणि शेजारच्या वावरातल्या म्हाताऱ्याला विचार, या वावराला काय म्हणत होते? पहिल्या तीन गोष्टी वकीलही सांगेल. चौथी सांगणारी माणसं मात्र झपाट्याने कमी होताहेत.

असो. घरात, शेजारात कुणी सत्तरी-ऐंशीचं असेल तर आजच विचारून ठेवा. आणि ते नाव खरेदीखताच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. नातवंडांच्या कामी येईल.