दट्ट्या कोणी कातला?

१८७० मध्ये जलंब ते खामगाव हा आठ मैलांचा लोहमार्ग सुरू झाला. त्या समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. वऱ्हाडच्या इतिहासात ही नोंद हमखास सापडते. कापसाच्या गाठी, मँचेस्टरच्या गिरण्या, वाफेवर चालणारे जिनिंग-प्रेसिंग, हे सारे तिच्यामागोमाग येते. पण यंत्र आले म्हणजे यंत्रविद्याही आली, असे आपण गृहीत धरून बसतो. ते तपासायचे, तर मोठी इंजिने क्षणभर बाजूला ठेवून एका लहानशा इंजिनाकडे पाहावे लागेल.

लहान इंजिन करणे सोपे, असे वाटते. खरे तर ते अधिक अवघड. सगळी मापे निम्मी केली, तर सिलिंडरमधली जागा आठवा हिस्सा उरते. भिंतींचे क्षेत्रफळ मात्र चौथा हिस्सा. म्हणजे तेवढ्याच वाफेला थंड करणारा पृष्ठभाग दुप्पट झाला. ग्लासगो विद्यापीठातील न्यूकमेन इंजिनाची प्रतिकृती १७६३-६४ च्या सुमारास जेम्स वॉटकडे दुरुस्तीला आली. ती थोड्याच फेऱ्यांत वाफ संपून थांबे. या कोड्याचा पिच्छा पुरवताना १७६५ मध्ये त्याला वेगळ्या संघनकाची कल्पना सुचली. तरीही उपयोगी इंजिन उभे राहायला तोफांच्या नळ्या कोरणाऱ्या जॉन विल्किन्सनचे यंत्र यावे लागले. त्याच्यामुळे सिलिंडर आतून खरोखर गोल होऊ लागले.

लहान इंजिनात चूक लपत नाही. मोठ्या सिलिंडरात दट्ट्याभोवती केसाएवढी फट राहिली, तर थोडी वाफ वाया जाते. अंगठ्याएवढ्या सिलिंडरात तीच फट इंजिन बंद पाडते. म्हणून आधी सिलिंडर कोरायचा, मग त्याच्या मापाने दट्ट्या कातायचा, शेवटी बारीक घासून बसवायचा. दांडा सरळ रेषेत नसेल तर तो अडकतो. सरकत्या झडपेची बैठक सपाट नसेल तर वाफ नको तिकडे शिरते. आपला कातारी लाकूड कातताना हत्यार हातात धरत आला. १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्लेच्या लेथवर हत्यार सरकत्या बैठकीत घट्ट बसले आणि माप हाताच्या अंदाजावरून स्क्रूच्या फेऱ्यांवर आले.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली, की मुंबईच्या अर्देशीर कर्सेटजी वाडियांचे (१८०८-१८७७) मोल कळते. जहाजबांधणाऱ्या घराण्यातल्या या तरुणाने १८३३ मध्ये एक अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन स्वतः तयार केले आणि विहिरीचे पाणी उपसून कारंजे उडवण्यासाठी ते घरी बसवले. 'इंडस' या छोट्या जहाजासाठी मात्र त्यांनी दहा अश्वशक्तीचे इंजिन इंग्लंडहून आणवले. १८४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १८५१ मध्ये 'लवजी फॅमिली' ही आगबोट निघाली, तेव्हा तिच्या यंत्राचे भाग त्यांच्याच ओतशाळेत घडलेले होते. कारंज्याच्या इंजिनापासून आगबोटीपर्यंत अठरा वर्षे गेली. श्रीमंताचा छंद म्हणून ते कारंजे बाजूला सारले, तर या प्रवासाची पहिली पायरीच हरवते.

आता पुन्हा खामगावकडे वळू. विलायती इंजिन चालवण्यासाठी कोळसा आणि तेल पुरते. हंगाम ऐन भरात असताना बुश झिजले, झडप गळू लागली, तर विलायतेच्या बोटीची वाट पाहून भागत नाही. अशा वेळी तो भाग जागेवर कातणारा माणूस लागतो. यंत्रविद्या कुठवर पोचली, याचा खरा पुरावा तिथे असतो. कारखानदाराचे नाव पाटीवर असते. बदललेल्या बुशावर कुणाचेच नसते.

म्हणून जुने इंजिन भंगारात जाण्याआधी केवळ त्याच्या पाटीचे छायाचित्र घेऊन थांबू नये. मूळचे भाग कोणते, मागाहून बसवलेले कोणते, त्यांच्यावर हत्यारांच्या खुणा कशा आहेत, हे मोजून लिहून ठेवावे. जुन्या फिटर-टर्नरांना विचारावे. गाठींचे आकडे सरकारी अहवालांत सुखरूप आहेत. हे ज्ञान मात्र माणसांच्या हातांत आहे, आणि ते हात म्हातारे होत चालले आहेत.