परिस्थितिजन्य पुराव्यावर आधारलेली दोषसिद्धी

परिस्थितिजन्य पुरावा : गुन्हा घडताना पाहणारा साक्षीदार नसता, त्या गुन्ह्याच्या मागेपुढे आणि सभोवती असलेल्या इतर शाबीत वस्तुस्थितींवरून आरोपीच्या अपराधाचे अनुमान काढावयास लावणारा पुरावा. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार पुढे आला असता, हा मनुष्य सांगतो ते त्याने खरोखर पाहिले काय व तो खरे बोलतो आहे काय, एवढेच न्यायाधीशाला मुख्यत्वे पाहावयाचे असते. परंतु परिस्थितिजन्य पुराव्यात प्रत्येक वस्तुस्थिती निःसंशय शाबीत झाल्यावरही एक पायरी उरते, ती ही की, त्या साऱ्या एकत्र घेता आरोपीच्या अपराधाखेरीज दुसरा कोणताही निष्कर्ष संभवत नाही, असे विवेकी मनाला म्हणता आले पाहिजे. विषप्रयोग, बंद घरातील खून, बनावट दस्तऐवज आणि गुप्त कट या गुन्ह्यांना साक्षीदार असण्याचा संभवच अल्प असल्यामुळे अशा खटल्यांचा निवाडा बहुधा याच पुराव्यावर होतो.

कायद्यातील स्थान : १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने परिस्थितिजन्य पुराव्याला कनिष्ठ लेखलेले नाही, किंबहुना त्याचा असा वेगळा वर्गही पाडलेला नाही. कोणत्या वस्तुस्थिती ‘संबद्ध’ होत एवढेच तो सांगतो, आणि त्यांत घटनेचा प्रसंग व संधी (कलम ७), हेतू, पूर्वतयारी आणि घटनेच्या आधीचे व नंतरचे वर्तन (कलम ८) यांचा समावेश करतो. आरोपीने दिलेल्या माहितीवरून पंचांसमक्ष मुद्देमाल हस्तगत झाला, तर त्या माहितीचा तेवढा भाग कलम २७ अन्वये ग्राह्य ठरतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून अंमलात आल्यावर या तरतुदींचे क्रमांक बदलले, पण आशय बहुतांशी तोच राहिला.

कसोटीचा विकास : इंग्लंडात १८३८ साली हॉजवरील खुनाच्या खटल्यात न्यायाधीश आल्डरसन यांनी जूरीला बजावले होते की, सुट्या घटना एकमेकींशी जुळवून घेण्यात मानवी मनाला एक प्रकारचे सुख वाटते आणि त्या सुखापायी ते उणा दुवा आपल्या पदरचा घालून मोकळे होते. हाच इशारा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली हनुमंत गोविंद नरगुंदकर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या अपिलात स्वीकारला. अबकारी आयुक्तावरील निविदेच्या प्रकरणातून उद्भवलेल्या त्या अपिलात न्या. मेहरचंद महाजन यांनी निर्णय दिला, की शाबीत परिस्थिती निर्णायक स्वरूपाची असावी, ती अपराधाशी सुसंगत आणि निरपराधित्वाशी विसंगत असावी, आणि पुराव्याची साखळी अशी पूर्ण असावी की आरोपीच्या निर्दोषत्वाला अनुकूल असे कोणतेही सयुक्तिक कारण उरू नये. इंग्लिश न्यायाधीश पोलॉक यांनी १८६६ साली अशा पुराव्याला अनेक पदरांच्या दोराची उपमा दिली होती, म्हणजे एक पदर दुर्बळ असला तरी सारे मिळून भार पेलतात. भारतीय न्यायालयांनी मात्र साखळीचीच भाषा पत्करली, आणि तिचा व्यावहारिक अर्थ असा, की प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे शाबीत करण्याचे दायित्व फिर्यादी पक्षावर राहते व एकाची उणीव दुसऱ्याच्या बळाने भरून निघत नाही.

लागू खटला : या विषयातील सर्वांत बोलका खटला पुण्याहून निघून मुंबईच्या दक्षिण भागात येऊन ठेपतो. लक्ष्मीबाई कर्वे या पुण्यातील मधुमेही, सधन विधवेच्या घरात भाडेकरू म्हणून राहणारे व पुढे त्यांचे विश्वासू वैद्य बनलेले डॉ. अनंत चिंतामण लागू हे १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री त्यांना तज्ज्ञ डॉक्टरांस दाखविण्यासाठी रेल्वेने मुंबईस घेऊन निघाले. पहाटे गाडी बोरीबंदरास पोहोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. स्थानकापासून जवळच असलेल्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात त्यांना दाखल करताना लागूंनी त्यांचे नाव भलतेच सांगितले, आणि त्याच दिवशी दुपारपूर्वी बाई मृत्यू पावल्या. मधुमेहजन्य मूर्च्छा हे कारण नोंदले गेले. प्रेताला कोणी वारस पुढे आला नाही. ते यथावकाश ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेले आणि तेथे मानेवर एक खूण दृष्टीस पडल्यामुळे मृत्यूनंतर सुमारे दहा दिवसांनी शवविच्छेदन झाले. रासायनिक परीक्षकांना राखून ठेवलेल्या आंतरेंद्रियांत कोणतेही विष आढळले नाही. इकडे बाईंनी पुनर्विवाह केला असून त्या जयपूरकडे राहावयास गेल्या आहेत, अशा आशयाची बनावट पत्रे त्यांच्या आप्तेष्टांना जात राहिली आणि त्यांची मालमत्ता लागू बनावट कागदांच्या आधारे हळूहळू आपल्या कबजात घेत राहिले. १९५८ साली त्यांना अटक झाली. पुण्याच्या सेशन्स न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांविरुद्ध एक अशा बहुमताने अपील फेटाळले.

या खटल्यात विष सापडले नव्हते, ते कोणी देताना पाहिले नव्हते, व ते कोणते होते हेही कोणास सांगता येत नव्हते. मृत्यू विषानेच झाला, विष आरोपीजवळ होते आणि ते देण्याची संधी त्याला होती, ही तीन अंगे शाबीत झाल्यावाचून शिक्षा कशी होईल, हा बचावाचा मुख्य प्रश्न होता. बहुमताचा निर्णय लिहिणारे न्या. मोहम्मद हिदायतुल्ला यांनी ती तीन अंगे सदैव ध्यानात ठेवावी हे मान्य करून असे ठरविले, की प्रत्यक्ष पुराव्याच्या अभावीही परिस्थिती इतकी निर्णायक असेल की विषप्रयोगावाचून तिचा उलगडाच होत नाही, तर केवळ रासायनिक शोध रिता गेला म्हणून न्यायालयाचे हात बांधले जात नाहीत. अन्यथा शोधाला न गवसणारे विष निवडणाऱ्या वैद्याला कायद्याने अभयपत्रच दिल्यासारखे होईल. न्या. ए. के. सरकार यांनी भिन्न मत नोंदविले. त्यांच्या दृष्टीने मधुमेहजन्य मूर्च्छेने नैसर्गिक मृत्यू झाला असण्याची शक्यता वैद्यकीय पुराव्याने समूळ निराकृत झालेली नव्हती, आणि आरोपीची लबाडी कितीही निंद्य असली तरी तीवरून मृत्यूचे कारण सिद्ध होत नाही.

सारडा खटला : पंचवीस वर्षांनी पुण्याहूनच दुसरे विषप्रकरण आले आणि त्याचा निकाल उलट लागला. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात विवाहितेच्या देहात पोटॅशियम सायनाइड निश्चितपणे आढळले होते. सेशन्स न्यायालयाने पतीस फाशीची शिक्षा सुनावली होती व उच्च न्यायालयाने ती कायम केली होती. तरी १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आत्महत्येची शक्यता वगळता येत नाही म्हणून त्यास निर्दोष मुक्त केले. न्या. फाझल अली यांनी येथे परिस्थितिजन्य पुराव्याचे पाच नियम एकत्र मांडले व त्यांना पंचशील म्हटले. परिस्थिती पूर्णपणे शाबीत झालेली असावी. ती केवळ अपराधाच्या उपपत्तीशीच सुसंगत असावी. तिचे स्वरूप निर्णायक असावे. अपराधाखेरीज अन्य प्रत्येक संभाव्य उपपत्ती तिने वगळावी. आणि साखळी अशी पूर्ण असावी की मानवी संभाव्यतेच्या कक्षेत ते कृत्य आरोपीनेच केले असले पाहिजे. पहिल्या नियमातील निश्चय आणि संभव यांचा भेद न्यायालयाने शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७३) या निकालावरून घेतला. ‘केले असू शकेल’ आणि ‘केलेच असले पाहिजे’ यांमधील अंतर अनुमानाने नव्हे, पुराव्यानेच ओलांडावयाचे असते, हे त्याचे सार.

खोटेपणाचे मूल्य : सारडा निकालातच ठरले, की आरोपीने न्यायालयात दिलेला खोटा खुलासा अगोदरच पूर्ण असलेल्या साखळीस जोड देऊ शकतो, तुटलेला दुवा तो सांधू शकत नाही. वरकरणी लागू निकालाशी हे विसंगत भासते. परंतु तेथील असत्य बचावाच्या गरजेतून खटल्यात उपजलेले नव्हते. भलते नाव सांगितले गेले ते रुग्णा जिवंत असताना, कोणाचाही आळ येण्याच्या पूर्वी. म्हणून ते कलम ८ खालील वर्तन ठरते आणि स्वतःच एक शाबीत वस्तुस्थिती होते. विष सापडलेल्या खटल्यात सुटका आणि न सापडलेल्या खटल्यात फाशी, या विरोधाभासाचा उलगडा येथेच होतो: साखळीची पूर्णता कोणत्याही एका भौतिक पुराव्यावर अवलंबून नसून, प्रतिस्पर्धी उपपत्ती उरते की नाही यावर असते.

घरातील मृत्यू आणि खुलाशाचे दायित्व : आरोपी व मयत यांना अखेरचे एकत्र पाहिले गेले, हा दुवा गिरगाव, परळ, लालबाग यांसारख्या चाळींच्या वस्तीत बहुधा शेजाऱ्यांच्या जबानीतून येतो, कारण सामाईक गॅलरीतून व जिन्यावरून कोण केव्हा गेले हे तेथे सहज लक्षात राहते, खोलीचे दार लागल्यावर मात्र आत काय झाले हे आतल्यांनाच ठाऊक असते. अशा ठिकाणी पुरावा अधिनियमाचे कलम १०६ (नव्या अधिनियमाचे १०९) पुढे येते. विशेषेकरून आरोपीच्याच माहितीत असलेली वस्तुस्थिती त्यानेच उलगडून सांगावी, असे ते म्हणते. शंभूनाथ मेहरा विरुद्ध अजमेर राज्य (१९५६) या निकालाने या कलमाची मर्यादा घालून दिली, की गुन्हा शाबीत करण्याचा भार त्यामुळे आरोपीवर जात नाही. तर त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००६) या निकालाने, चार भिंतींच्या आड झालेल्या मृत्यूत प्राथमिक परिस्थिती शाबीत झाल्यावर घरातील माणसाचे मौन हा एक अधिक दुवा ठरतो, असे सांगितले. एकत्र दिसणे आणि मृत्यू यांमध्ये कालावधी जितका अधिक, तितका हा दुवा दुर्बळ होतो, कारण मधल्या वेळात तिसऱ्या कोणाचा प्रवेश संभवतो.

सद्यःस्थिती : रक्त व जनुकीय परीक्षण, भ्रमणध्वनीच्या नोंदी आणि रस्त्यांवरील व रेल्वे स्थानकांवरील सीसीटीव्ही चित्रण यांमुळे आज दुव्यांची संख्या वाढली आहे. इलेक्ट्रॉनिक अभिलेखाची प्रत दाखल करताना सोबत विहित प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल (२०२०) या निकालात ठरले. तथापि अशी साधने एखादा मनुष्य कोठे होता एवढेच बहुधा सांगतात. त्याने काय केले हे अनुमानानेच ठरवावे लागते, आणि त्या अनुमानास पंचशीलाची कसोटी तशीच लागू राहते. केवळ परिस्थितिजन्य पुराव्यावर देहान्त शासन देण्यास कायद्याचा प्रतिबंध नाही. मात्र दोन सयुक्तिक निष्कर्ष निघत असल्यास आरोपीस अनुकूल असलेला स्वीकारावा, हा नियम शिक्षा लहान असो वा मोठी, सर्व न्यायालयांवर सारखाच बंधनकारक आहे.