डेझीचे फूल आणि मुख्य प्रवाह

'पर्यायी' हे विशेषण साहित्यात असो वा संगीतात, नेहमी परावलंबी असते. कशाला पर्याय, असे विचारल्यावाचून त्याला अर्थ येत नाही. 'पर्यायी हिपहॉप' या संज्ञेचा इतिहास पाहताना आम्हांला हे विशेष जाणवते. हा प्रवाह मूठभर रसिकांपुरताच राहिला, अशी एक समजूत आहे. ती इतिहासाला धरून नाही. लोकप्रियता त्याला आरंभीच मिळाली. ती कोणत्या अटींवर मिळाली, हा खरा प्रश्न आहे.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क यांनी एका घरगुती समारंभात तबकड्या वाजवल्या. हिपहॉपचा जन्म तेथून मोजतात. जुन्या तबकडीवरील तालाचा तुकडा लांबवायचा आणि त्यावर शब्द म्हणायचे, ही मूळ रीत. १९८८च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या 'एन. डब्ल्यू. ए.'ने रस्त्यावरील हिंसेचे उग्र चित्रण पुढे आणले. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये 'जंगल ब्रदर्स', 'डे ला सोल' आणि 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' हे गट 'नेटिव्ह टंग्ज' या नावाने एकत्र आले. विनोद, आत्मपरीक्षण आणि जॅझशी नाते हे त्यांचे विशेष. 'ट्राइब'च्या १९९१च्या संग्रहात तर जॅझमधील ज्येष्ठ वादक रॉन कार्टर यांनी साथ केली.

'डे ला सोल'चा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' हा पहिला संग्रह १९८९ साली आला. निर्माते प्रिन्स पॉल यांच्यासह या तरुणांनी असंख्य जुन्या ध्वनिमुद्रणांतील तुकडे जोडून तो रचला होता. त्यातील 'मी मायसेल्फ अँड आय' हे गीत बिलबोर्डच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. मुखपृष्ठावरील डेझीची फुले पाहून प्रसारमाध्यमांनी गटाला 'हिप्पी' ठरवले. वास्तविक 'डेझी' ही त्यांच्या लेखी 'डा इनर साउंड, यॉल' या शब्दांची आद्याक्षरे होती. वेशावरून माणूस ओळखण्याच्या खोडीचा निषेध करणारे गीत लोकप्रिय झाले, आणि गायकांची ओळख मात्र वेशावरूनच ठरली! १९९१च्या दुसऱ्या संग्रहाचे नाव त्यांनी 'डे ला सोल इज डेड' ठेवले; मुखपृष्ठावर डेझीची कुंडी फुटून पडलेली होती.

दुसरी अट कायद्याने घातली. 'द टर्टल्स' या जुन्या गटाच्या सदस्यांनी परवानगीविना तुकडा वापरल्याबद्दल 'डे ला सोल'वर दावा लावला. तो तडजोडीने मिटला. डिसेंबर १९९१मध्ये बिझ मार्की यांच्या विरोधातील खटल्यात न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधील चोरीविरोधी आज्ञेने केली. पुढे प्रत्येक तुकड्यासाठी आगाऊ परवानगी आणि मोबदला हा रिवाज झाला. शेकडो तुकड्यांची गोधडी शिवणारी ही रचनापद्धती सामान्य कलावंताच्या आवाक्याबाहेर गेली.

सन्मान मात्र मिळत राहिले. 'अरेस्टेड डेव्हलपमेंट'ला १९९३ साली सर्वोत्कृष्ट नवोदिताचे ग्रॅमी मिळाले; लॉरिन हिल यांना १९९९ साली आणि 'आउटकास्ट'ला २००४ साली वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाचे. २०१८ साली केंड्रिक लामार यांना संगीताचे पुलित्झर पारितोषिक लाभले. 'डे ला सोल'चा पहिला संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१०च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतला. पण राष्ट्रीय ठेवा ठरलेला हाच संग्रह इंटरनेटवरील संगीतसेवांवर यायला ३ मार्च २०२३ उजाडला. तुकड्यांचे जुने करार तबकडी आणि कॅसेटच्या काळातले होते, शिवाय हक्कांचा वाद होताच. गटातील डेव्हिड जोलिकर ऊर्फ ट्रुगॉय यांचे त्याआधी १९ दिवस निधन झाले होते.

मुख्य प्रवाहाने बंडखोरांना 'सामावून घेतले', असे वाक्य आपण वर्गात सहज उच्चारतो. त्यांच्यातले नेमके काय सामावले, हेही विद्यार्थ्यांनी विचारावे असे आम्हांला वाटते. येथे फूल सहज स्वीकारले गेले, काही काळाने सूरही. परंतु भूतकाळातील आवाज मोकळेपणाने हाताळून त्यांतून नवे काही घडवण्याची जी पद्धत हा या कलेचा गाभा होती, तिला आजही आधी परवाना काढावा लागतो.