डिजिटल अटक

डिजिटल अटक हा व्हिडिओ कॉलद्वारे केल्या जाणाऱ्या आर्थिक फसवणुकीचा एक प्रकार आहे. भारतीय कायद्यात अशा अटकेची कोणतीही तरतूद नाही.

भामटा स्वतःस पोलीस, सीबीआय वा सीमाशुल्क अधिकारी म्हणवतो आणि संबंधिताच्या नावे अमली पदार्थांचे पार्सल सापडल्याचे सांगतो. गणवेश व बनावट न्यायालयीन आदेश दाखवले जातात. कॅमेरा बंद करण्यास आणि घरच्यांशी बोलण्यास मनाई केली जाते. ही मनाईच फसवणुकीचा खरा आधार होय; शेजाऱ्याशी दोन शब्द बोलताही बनाव उघडा पडू शकतो. 'पडताळणी'साठी म्हणून ज्येष्ठ नागरिक मुदत ठेवी मोडून पैसे पाठवतात. बळी पडणाऱ्यांस अडाणी समजणे चुकीचे आहे. त्यांत डॉक्टर व निवृत्त अधिकारीही आढळतात. आयुष्यभर कायदा पाळलेल्या माणसालाच अटकेच्या शब्दाचा धाक अधिक वाटतो.

हरियाणातील अंबाला येथील एका ज्येष्ठ महिलेच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी सीबीआयला तपासाचे आदेश दिले.

१९३० या मदत क्रमांकावर वेळीच कळवल्यास, पुढील खात्यांत वळण्यापूर्वी रक्कम गोठवता येते. अनेकदा मुलांना काय सांगावे या संकोचात नेमका तोच वेळ निघून जातो.